छान : २० रुपये

मराठी सॉफ्टवेअर अर्धवट का राहतं, यावर बोलायला बसलं की एक मत हमखास पुढे येतं. परवा एका बैठकीत ते एका जुन्या, जाणत्या प्रोग्रॅमरकडून ऐकलं आणि बसलेल्यांनी माना डोलावल्या, म्हणून हे लिहायला घेतलं. मत असं : भाषांतर करणाऱ्यानं कमांड लाइनच्या वाटेला जायची गरज नाही. प्रोग्रॅममधली वाक्यं बाहेर काढणं, जुन्या भाषांतराशी जुळवणं, परत आत बसवणं ही अवजारांची कामं. त्यांची सेटिंग्ज प्रोग्रॅमरनं एकदा लावून दिली की संपलं. भाषांतरकारानं ब्राउझर उघडावा, डाव्या चौकटीतलं इंग्रजी वाचावं, उजव्या चौकटीत मराठी लिहावं. यापुढे तर तेही नको, यंत्र मिनिटभरात अख्खी फाइल मराठीत करून देतं.

बोलणाऱ्यांनी स्वतः पुष्कळ काम केलं आहे, त्यांच्या हेतूबद्दल मला शंका नाही. पण सेटिंग्जच्या फाइलीत भाषेचं काहीच नसतं असं ते न बोलता धरून चालतात. माझा अनुभव नेमका उलटा आहे. भाषांतरकारासमोर पहिलं वाक्य येण्याआधीच मराठीचे कितीतरी निर्णय त्या फाइलीत होऊन गेलेले असतात, आणि ते करणाऱ्याला बहुधा मराठी येत नसतं.

उदाहरणासाठी ग्नू गेटटेक्स्ट घेतो, कारण माझे हात त्यातच काळे झालेत. कल्पना मुळात सन मायक्रोसिस्टिम्सची. ग्नूची ही अवजारपेटी उलरिच ड्रेपर यांनी १९९५ च्या सुमारास लिहिली. आजही लिनक्सवरचे असंख्य प्रोग्रॅम, वर्डप्रेस, जँगो हे सगळे तिच्याच ‘पीओ’ म्हणजे भाषांतराच्या फाइली वापरतात. पेटीतली मुख्य अवजारं तीन. एक्स-गेटटेक्स्ट प्रोग्रॅम चाळून भाषांतराची वाक्यं वेचतो आणि कोरा साचा तयार करतो. एमएसजी-मर्ज तो नवा साचा आपल्या जुन्या मराठी फाइलीवर बसवतो. एमएसजी-एफएमटी शेवटी त्या फाइलीचं यंत्राला झटपट वाचता येईल असं रूप करतो. (नावं इथे नागरीत लिहितोय, टर्मिनलवर ती रोमनमध्येच टंकावी लागतात आणि कुठल्याच लिपीत नीट उच्चारता येत नाहीत.) प्रत्येकाला काय करायचं ते पर्याय देऊन सांगावं लागतं. ते पर्याय एका छोट्या फाइलीत लिहिलेले असतात. वाद त्या फाइलीबद्दल आहे.

वेचणाऱ्यापासून सुरुवात करू. मी काही वर्षं ज्याच्या मराठीवर खपलो तो प्रोग्रॅम ग्रंथालयांसाठीचा आहे. नाव सांगत नाही, कारण दोष त्याच्या एकट्याचा नाही. त्यात ‘इश्यू’ हा इंग्रजी शब्द तीन ठिकाणी येतो : सभासदाला पुस्तक देण्याच्या बटणावर, मासिकाच्या अंकांच्या यादीत, आणि अडचण कळवण्याच्या दुव्यावर. गेटटेक्स्टमध्ये इंग्रजी वाक्य हीच किल्ली असते. इंग्रजी एक तर नोंद एक, मराठीही एकच. ‘अंक’ लिहिलं की देवघेवीच्या टेबलावरचं बटण ‘अंक’ म्हणतं. ‘द्या’ लिहिलं की मासिकांच्या रकान्यावर ‘द्या’ असं भिक्षेकऱ्यासारखं शीर्षक दिसतं.

यावर उपाय आहे. वाक्यासोबत त्याचा संदर्भ लिहायची सोय गेटटेक्स्टमध्ये २००६ साली आली. प्रोग्रॅमर दोन शब्द लिहितो, पहिला संदर्भाचा, दुसरा खरा. आमच्या प्रोग्रॅमरनं ते केलंही होतं. पण यातला पहिला संदर्भ आणि दुसरा मजकूर, हे एक्स-गेटटेक्स्टला कीवर्डच्या पर्यायात सांगावं लागतं : एक आकडा, त्याला चिकटून रोमन ‘सी’, स्वल्पविराम, दुसरा आकडा. इतकंच राहून गेलं. मग अवजारानं पहिला शब्दच मजकूर समजून उचलला. आमच्याकडे भाषांतराला आलं ‘बटन’, ‘कॉलम’, ‘लिंक’. आम्ही ते इमानेइतबारे मराठीत केलं. ब्राउझरमध्ये सगळं हिरवं, शंभर टक्के. पडद्यावर मात्र ‘इश्यू’ तीनही ठिकाणी इंग्रजीतच, कारण तो आमच्यापर्यंत पोचलाच नव्हता. भाषांतरकाराला चौकट पुरते असं म्हणणाऱ्यांनी एवढं सांगावं की जे वाक्य चौकटीत आलंच नाही ते चौकटीत बसून कसं शोधायचं?

‘फाइन’ची कथा याहून रंगतदार आहे. उशिरा पुस्तक परत केलं की दंड होतो, तो दाखवणारं वाक्य. प्रोग्रॅमर शहाणा होता. त्यानं वाक्याच्या वरच्या ओळीत भाषांतरकारांसाठी टीप लिहून ठेवली होती की इथे अर्थ दंड असा आहे. पण अशा टिपा साच्यात उतरवायच्या तर तसा पर्याय द्यावा लागतो. दिला नाही तर टीप प्रोग्रॅममध्येच राहते. आमच्या गटातल्या एका कॉलेजच्या मुलीपुढे आला नुसता ‘फाइन’ आणि पुढे आकड्याची जागा. तिनं जे लिहिलं ते कुणीही लिहिलं असतं. एका ग्रंथालयातल्या आजोबांच्या पावतीवर छापून आलं, ‘छान : २० रुपये’. त्यांनी म्हणे ती जपून ठेवली आहे. दोष त्या मुलीचा होता का?

अनेकवचनाचं दोन ओळींत सांगतो. कोऱ्या साच्याच्या डोक्यावर अनेकवचनाचा नियम लिहायची जागा रिकामी असते. किती रूपं आणि कुठल्या संख्येला कुठलं, ते भाषेच्या माणसानं भरायचं. जपानीला एक रूप पुरतं, अरबीला सहा लागतात, आपल्याला दोन. आमची मराठी फाइल कुणीतरी जपानी फाइलीची नक्कल करून सुरू केली होती. त्यामुळे ब्राउझरमध्ये मराठीसाठी एकच चौकट दिसायची, आणि सभासदाच्या खात्यावर ‘१ पुस्तके’. दुसरी चौकट असायला हवी होती हे भाषांतरकाराला स्वप्नात कळणार?

आता ज्या गोष्टीनं माझी झोप उडवली ती सांगतो.

प्रोग्रॅमची नवी आवृत्ती आली की इंग्रजी वाक्यं थोडीथोडी बदलतात. एमएसजी-मर्जला नवं वाक्य जुन्या फाइलीत सापडलं नाही तर तो त्याच्यासारखं दिसणारं जुनं वाक्य शोधतो, त्याचं मराठी नव्याखाली ठेवतो आणि वर ‘फझी’ अशी खूण करतो. म्हणजे हे अंदाजानं जुळवलंय, माणसानं बघून घ्यावं. आमच्यातही सगळे फझीच म्हणतात. ‘धूसर’, ‘संदिग्ध’ वगैरे प्रयत्न झाले, टिकले नाहीत. सोय चांगलीच आहे. वाक्यात एक टिंब वाढलं म्हणून सगळं पुन्हा लिहावं लागत नाही. एमएसजी-एफएमटी फझी नोंदी आपणहून वगळतो, म्हणून माणूस बघेपर्यंत पडद्यावर इंग्रजी दिसत राहतं.

मात्र अवजार बघतं अक्षरं. अर्थाशी त्याला देणंघेणं नाही. ‘द बुक इज नाउ अव्हेलेबल’ हे जुनं वाक्य, ‘द बुक इज नॉट अव्हेलेबल’ हे नवं. इंग्रजी लिपीत ‘नाउ’ आणि ‘नॉट’ यांत फक्त शेवटच्या अक्षराचा फरक. यापेक्षा जवळचं वाक्य कुठलं मिळणार? पुस्तक नाही असं सांगणाऱ्या वाक्याखाली ‘पुस्तक आता उपलब्ध आहे’ येऊन बसलं, फझी खुणेसकट.

इथपर्यंतही काही बिघडलं नव्हतं. पण आमच्या प्रकल्पात एमएसजी-एफएमटीच्या ओळीत कुणीतरी आणखी एक पर्याय घातला होता : यूज-फझी. म्हणजे खूण असली तरी नोंद चालवून घ्या.

एका तालुक्याच्या गावातून ग्रंथपाल बाईंचा फोन आला. “दादा, पडदा सांगतो पुस्तक आहे, कपाटात नाही. सभासद मला खोटं ठरवतायत. मी काय सांगू?” मला वाटलं नोंदणीत घोळ असेल. बाई म्हणाल्या, नाही, त्यांनी सगळी पुस्तकं उतरवून पाहिली. नोंदी खरंच चोख होत्या. संध्याकाळभर मी विदा धुंडाळत बसलो आणि शेवटी पीओ फाइल उघडली, तेव्हा ती ओळ दिसली. ब्राउझरमध्ये ती ‘तपासणी हवी’ या पिवळ्या रंगात कितीतरी दिवस होती. आम्ही सगळ्यांनी ती पाहिली होती आणि पुढे गेलो होतो, कारण तपासल्याशिवाय ती बाहेर जात नाही अशी आमची समजूत. ती बाहेर जात होती. ते ठरत होतं दुसऱ्याच फाइलीत, आणि ती उघडायची नाही असा दंडक आम्हीच पाळत होतो.

यूज-फझी घातलं कुणी आणि का, तेही शोधलं. ‘एकदा लावून दिलं की संपलं’ हा मुद्दा मला तिथेच निकालात निघालेला दिसतो. भाषांतराच्या संकेतस्थळावरून फाइली खाली आणायला आमच्याकडे ट्रान्सिफेक्सचा कमांड लाइन क्लायंट आहे. त्याच्या कॉन्फिग फाइलीत प्रत्येक फाइलीसाठी किमान टक्केवारी लिहिता येते. तेवढं भाषांतर झालं नसेल तर ती भाषा खाली आणलीच जात नाही. मुळात हा आकडा शून्य असतो. आमच्याकडे कुणीतरी तो ८० केला. ८० हा आकडा या जगात प्रतिष्ठेचा आहे, ग्नोमच्या आवृत्तीपत्रांतही ८० टक्के झालेल्या भाषांची गणती असे. मराठी त्याच्या आतबाहेर करायची. प्रत्येक आवृत्तीला नवी वाक्यं आली की आकडा घसरायचा, मराठी गायब व्हायची आणि ग्रंथालयांतून तक्रारी यायच्या. मग मराठीचं भलं चिंतणाऱ्या एका प्रोग्रॅमरनं फझी नोंदी चालवून घेतल्या आणि टक्का मोजतानाही त्या धरल्या. आकडा वर गेला. सगळे खूश.

त्याला मी दोष देत नाही. पण ही टक्केवारी भाषेबद्दल काय सांगते ते बघा. देवघेवीच्या पडद्यावरचं ‘परत घ्या’ हे बटण दिवसातून शंभरदा दिसतं. सर्व्हरची कुठलीशी जोडणी तुटली असा संदेश वर्षातून एकदा दिसला तर दिसला. टक्का दोघांना सारखाच मोजतो. रोजचे पडदे पूर्ण मराठीत असतील आणि व्यवस्थापकाचे अर्धे इंग्रजीत, तर ग्रंथपालाचं अडत नाही, पण आकडा नापास करतो. भाषा पडद्यावर दिसत नाही म्हणून कुणी वापरत नाही, वापरत नाही म्हणून नवा स्वयंसेवक येत नाही, येत नाही म्हणून ८० गाठत नाही. या भोवऱ्याचं मूळ एका ओळीत आहे, आणि ती ओळ लिहिताना मराठी, गुजराती, कन्नड येणारं कुणी शेजारी बसलेलं नसतं. पुन्हा ही ओळ कायमची नसते. लोक बदलतात, आवृत्ती बदलते, कुणीतरी ‘साफसफाई’ करतं आणि पर्याय बदलतात.

भाषेच्या खुणेचाही असाच प्रकार. फाइल ‘एमआर’ या नावानं ठेवली तर ज्यानं संगणकावर ‘मराठी, भारत’ निवडलंय त्यालाही ती सापडते, कारण गेटटेक्स्ट आधी देशासकट शोधतो आणि मग नुसती भाषा. उलट, देशासकट नाव दिलं आणि वापरणाऱ्यानं नुसतं मराठी निवडलं असेल, तर त्याच्या वाट्याला इंग्रजी. गोव्यातल्या कोंकणीवाल्यांना तर लिपीचाही हिशेब ठेवावा लागतो. विकिपीडियामागच्या मीडियाविकीत नागरी कोंकणी आणि रोमी कोंकणी यांच्या खुणाच वेगळ्या आहेत. भाषा कुणाची, लिपी कुठली हा प्रश्न कॉन्फिग फाइलीत एका रकान्यात सुटतो किंवा बिघडतो, आणि त्याला तांत्रिक म्हणणं मला धाडसाचं वाटतं.

आता यंत्राचा मुद्दा. यंत्र अख्खी फाइल मिनिटात मराठीत करतं हे खरं आहे आणि पुष्कळदा बरं करतं. पण यंत्रालाही एकटा ‘फाइन’ दिला तर तेही अंदाजच करणार. त्याला टीप हवी, संदर्भ हवा. ते दोन्ही साच्यात उतरतात ते वेचणाऱ्याच्या पर्यायांमुळे. माणूस निदान एखाद्या ठिकाणी थबकतो, गटात विचारतो, ‘हे छान कशाबद्दल?’ यंत्र विचारत नाही. म्हणजे यंत्र आलं तर त्या फाइलीचं महत्त्व वाढतं.

एक वाक्य जवळून बघा. इंग्रजीत रचना अशी : ‘%एस इश्यूड टू %एस’. पहिल्या जागी पुस्तकाचं नाव येतं, दुसऱ्या जागी सभासदाचं. मराठीत ज्याला दिलं तो आधी यायला हवा. यंत्र, किंवा नवखा माणूस, सहज लिहून जातो : ‘%एस यांना %एस दिले’. पण जागांना क्रमांक दिले नाहीत तर प्रोग्रॅम आपल्या मूळ क्रमानंच भरतो, आणि पडद्यावर येतं, ‘गणिताचं गाईड यांना जोशी दिले’. एमएसजी-एफएमटीला तपासणीचा पर्याय दिला असला तरी तो हे पकडत नाही, कारण दोन्ही जागा मजकुराच्याच, संख्या जुळते, प्रकार जुळतो. एक जागा आकड्याची असती तर त्यानं अडवलं असतं. क्रमांक घातले की काम होतं, पण क्रमांक घालता येतात हे कुणीतरी सांगायला हवं. आणि ‘यांना’ का? नावाला थेट ‘ला’ लावलं तर सामान्यरूप कोण करणार? राम असेल तर रामाला, सीता असेल तर सीतेला. प्रोग्रॅमला ते जमत नाही, म्हणून आपल्याकडे ‘यांना’ची युक्ती रुळली, वर आदरही पदरात पडतो. अशा युक्त्या कुठल्या पाठ्यपुस्तकात नाहीत. त्या अवजार आणि व्याकरण दोन्ही एकाच वेळी माहीत असणाऱ्यांनी काढल्या.

बैठकीतल्या वक्त्यांची एक गोष्ट मला मनापासून मान्य आहे. ब्राउझरमधल्या चौकटींनी माणसं आणली. आमच्या गटात निवृत्त शिक्षक आहेत, गृहिणी आहेत, एक बँकेतले साहेब आहेत. त्यांना काळा पडदा दाखवला असता तर निम्मे पहिल्याच दिवशी घरी गेले असते. प्रत्येकानं आज्ञा टंकाव्यात असं मी म्हणतच नाही. पण ‘सगळ्यांना नको’ यावरून ‘कुणालाच नको’ यावर उडी मारली जाते, तिथे मी आडवा येतो. कॉन्फिगची फाइल दहाबारा ओळींची असते. कीर्तनकाराला मृदंग वाजवता यायलाच हवा असं नाही, पण तो सुरात लागलाय की नाही हे तर कळायला हवं. गटातल्या एकानं, ज्याला मराठी चांगलं येतं त्यानं, दर आवृत्तीच्या आधी ती फाइल वाचावी, आणि एमएसजी-एफएमटी एकदा स्वतःच्या संगणकावर चालवून बघावा. शिकायला एक रविवार पुरतो. मला दोन लागले, पण मी हळू आहे.

फझीबद्दलही मी टोकाचा नाही. काही गट ती जुळवणीच बंद करून टाकतात, तसा पर्याय एमएसजी-मर्जला आहे. मला तो आळशीपणा वाटतो, कारण मग टिंब बदललेलं वाक्यही कोरं होऊन येतं. त्यापेक्षा आधीचं इंग्रजी शेजारी दाखवायचा पर्याय द्यावा. ‘नाउ’ खाली ‘नॉट’ दिसलं असतं तर आमच्यातला झोपाळू माणूसही जागा झाला असता.

यूज-फझी काढून टाकणारा बदल मी महिन्यापूर्वी पाठवला. त्यासोबत किमान टक्का ८० वरून ५० करा अशीही विनंती केली, कारण फझी नोंदी वगळल्यावर मराठीचा आकडा ९१ वरून ७४ वर येतो, आणि अट तशीच राहिली तर पुढच्या आवृत्तीत मराठीच नसेल. पहिली प्रतिक्रिया आली : मराठी एकदम इतकी घसरली कशी? उत्तरात मी ती दोन इंग्रजी वाक्यं एकाखाली एक लिहिली, फरकाची अक्षरं ठळक केली आणि बाईंनी पाठवलेला पडद्याचा फोटो जोडला. बदल अजून स्वीकारलेला नाही. बाईंनी तोवर संगणकाशेजारी स्वतःच्या अक्षरात एक कागद चिकटवलाय : ‘उपलब्ध आहे असे दिसले तरी आधी कपाट पाहावे.’